तिसऱ्या नोडवरची नावं

९ जानेवारी
गावडे काका आज माझ्यावर उखडले. बरोबरच आहे त्यांचं. गिरणीच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढलेला माणूस, कांजूरला गिरणी कामगार संघटनेच्या खोलीत भिंग घेऊन बसतो, बदली कामगारांच्या रजिस्टरातलं एक-एक नाव टाइप करतो, आणि सेव्ह दाबलं की चक्र फिरत बसतं. "चेडवा, ह्या चक्रात माझा उरलेला आयुष्य जातला."
कायम कामगारांकडे पास असतात, पगारपत्रकं असतात. बदलीवाल्यांकडे, म्हणजे कोणी गैरहजर असलं तरच काम मिळायचं त्यांच्याकडे, ही एकोणीस रजिस्टरं सोडून काही नाही. त्यात नाव असलं तर वारसांना गिरणी कामगारांसाठीच्या घराचा अर्ज करता येतो. नसलं तर नाही.
शोधायची यंत्रणा माझी. ऑफिस सुटल्यावर, हौसेने. भाड्याची तीन मशीन, म्हणजे तीन नोड. माहितीचे तुकडे तिघांत वाटलेले. प्रत्येक तुकड्याची एक प्रत दुसऱ्या नोडवर, म्हणजे एक नोड गेला तरी नावं राहतात. पण प्रत लिहायला वेळ लागतो. म्हणून तात्पुरत्या बंद. प्रती = ०. टाइपिंग संपलं की १.
साठवणही मशीनच्या आतल्या जलद डिस्कवर नेली. मशीन बंद केलं की ती डिस्क पुसली जाते, पण बंद कोण करणार आहे?
चक्र थांबलं. काकांनी स्वतः जाऊन चहा आणला.
बाहेर राखीव प्रत ठेवायची सोय — सोमवारी.

२२ मार्च
आजोबा सापडले.
तिकीट, म्हणजे हजेरीचा नंबर, ४१२७. भिकाजी सखाराम कांबळे, स्पिनिंग, बदली. काका शेऱ्याच्या रकान्यात आठवणीतलं लिहितात. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. एकाच नावाचे दोघे असले तर कोण कुठल्या गावचा, कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कोण भजन छान म्हणायचा. रजिस्टरात यातलं काहीच नाही.
आजोबांपुढे लिहिलंय: "मिरजेकडचा. अबोल. खात्यात ह्यांचं पाणी वेगळं ठेवत. मी पाहत होतो. बोललो नाही."
तीनदा वाचलं. मी त्यांची नात, हे काकांना सांगितलेलं नाही. सांगून काय बोलायचं? राग यायला हवा होता, आला नाही. उलट रडूच आलं, ऑफिसच्या बाथरूममध्ये.
राखीव प्रत — राहिली. सोमवारी नक्की.

२ जुलै
शेवटचं रजिस्टर गेल्या आठवड्यात संपलं. पेढे वगैरे झाले. आज काकांचा फोन. कांजूरची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, खोली रिकामी करायची आहे. रजिस्टरांना वाळवी, पानं उलटताना हातात येतात. "रद्दीवाल्याक देतंय. कंप्युटरात आसा मां सगळा?"
सर्व्हर ठीक आहे की नाही ते दाखवणारी स्क्रीन समोरच होती. हिरवीगार. हो काका, आहे म्हटलं.
प्रत्येक रजिस्टराला हात जोडून मग दिलं म्हणे.
प्रती १ करायच्या — या शनिवारी. ऑफिसात रिलीज आहे, श्वास घ्यायला वेळ नाही.

१९ सप्टेंबर
काकांना बघायला भांडुपला. काचबिंदू. उजवा डोळा गेला, डाव्याने फक्त उजेड कळतो. कुठून आलीस, हे दोनदा विचारलं. त्यांच्या सूनबाई, वहिनी, म्हणाल्या, "हल्ली होतं तसं." निघताना माझा हात धरून ठेवला. "उशीर झालो नाय, बरा झाला. सगळी नावां आत गेली."

६ नोव्हेंबर
लाल.
मशीन भाड्याने देणाऱ्यांचा मेल आला होता, दुरुस्तीसाठी तिसरं मशीन एकदा बंद-चालू करा. मी अर्धा वाचून ठेवला. मी जोगेश्वरीला मावसबहिणीच्या लग्नात. नितीनकडे पासवर्ड असतो, ऑफिसात आम्ही एकाच टीममध्ये. त्याने परस्पर करून टाकलं. वर मेसेज: "तुझं काम हलकं केलं यार, पार्टी दे."
मशीन परत आलं. रिकामं.

७ नोव्हेंबर
नितीनचा दोष नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला फिरवता येणार नाही.
दहा महिने हिरवं का दिसत होतं? सर्व्हर एवढंच सांगतो, की जेवढ्या प्रती मागितल्या तेवढ्या आहेत. मी एकही मागितली नव्हती. मग तो लाल कशाला होईल?
सोमवार किती आले मधे.
अख्खं एखादं रजिस्टर गेलं असतं तर निदान सांगता आलं असतं, की हे गेलं. वाटणी तशी नसते. प्रत्येक पानातल्या ओळी तिघांत विखुरलेल्या, त्यातल्या तिसऱ्याच्या गेल्या. एक भाऊ आहे, दुसरा नाही.
४१२७ आहे. सगळ्यात आधी मी तेच शोधलं. लाज वाटते.

९ नोव्हेंबर
नितीन: "टेन्शन काय घेतेस? शोधलं की 'नोंद नाही' येतं. तशीही कितीतरी लोकांची नसतेच ना. कोणाला कळणारे?"
कोणालाच कळणार नाही. तेच तर.

१२ नोव्हेंबर
संघटनेची नवी खोली, घाटकोपर. घाडीगावकर मावशी जोगेश्वरीहून आलेल्या. नवरा रामचंद्र, बदली, वारले. टेबलावरच्या मुलीने नाव टाकलं. नोंद नाही.
"अगं, गावडे साहेबांनी स्वतः सांगितलेलं मला, आहे म्हणून."
"चुकले असतील मावशी. वय झालंय त्यांचं."
मावशींनी कागद परत पिशवीत घातले. नीट घडी करून, एकेक. अर्जाची मुदत या महिन्यापर्यंतच.
मी शेजारीच उभी होते. पाहत होते. बोलले नाही.

१३ नोव्हेंबर
प्रती = १. साठवण कायमच्या डिस्कवर. राखीव प्रत बाहेर, रोज.
सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं लागली.

१५ नोव्हेंबर
काकांना सांगितलं. रजिस्टरं तुम्ही माझ्या शब्दावर रद्दीत दिलीत, हेही.
वहिनींनी आतला टीव्ही बंद केला. मग काका, "कितके गेले?"
सांगितलं.
"रडतंस कित्याक? तिकिटां ओळीन होती. खंयची नाय ती वाच. माका पाठ आसत."
नसलेल्या नंबरांची यादी काढून नेली होतीच. मी नंबर वाचायचा, काका नाव सांगायचे, गाव, खातं. अडखळत नव्हते. अडीच तास. ३८६६ वर म्हणाले, "रामचंद्र घाडीगावकर. फ्रेम खात्यातलो. कणकवलीचो." मी मावशींचं नाव काढलंही नव्हतं! वहीत लिहून घेतलं. खूप दिवसांनी नीट जेवले.

१६ नोव्हेंबर
परत भांडुप. यादी वाचता वाचता मधेच ४१२७, आजोबांचा नंबर, म्हटलं. का म्हटलं? खात्री करायची होती, की नुसतं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, माहीत नाही.
काका लगेच म्हणाले, "शंकर परब. वेंगुर्ल्याचो. बारको माणूस, गाणी म्हणी."
परत विचारलं, काका नक्की? जरा दुखावल्यासारखे झाले. "गो, माझ्या हाताखालून गेलेलो माणूस तो." चेहऱ्यावर काडीची शंका नाही. काल ज्या आवाजात रामचंद्र सांगितला, तोच आवाज.
"लिवलंस मां?"
हो काका, लिहिलं.

१७ नोव्हेंबर
वहीत कालची-परवाची मिळून दोनशेच्या वर नावं. कुठली खरी, हे सांगणारं कोणी नाही. काकांनाही कळणार नाही, रजिस्टर उरलं नाही. आणि एकदा मी भरलं, की स्क्रीनवर ते रजिस्टरातलंच दिसणार. बाकीच्या ओळींसारखं.
काकांचा सकाळीच निरोप, आज कधी येतेस, अजून बरेच आठवलेत.
घाडीगावकर मावशींनाही मीच फोन केला होता परवा, आनंदाच्या भरात. उद्या अकराला कागद घेऊन येतायत.
३८६६ उघडून ठेवलाय. नावाची जागा रिकामी आहे.