मासा नाही, वजन शून्य

मिनेसोटा, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची आणि ॲरिझोनातल्या उन्हाची खुशाली कळव. इकडे पारा उणे सत्तावीसवर आहे, गाडी तिसऱ्या खेपेला सुरू होते, आणि आई (वय एक्याण्णव) आपल्या दोघांपेक्षा ठणठणीत आहे. खरं तर हे शेवटचं सांगायलाच बसलोय, पण तू मोठी, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो.

आईनं वाढदिवसाला एकच गोष्ट मागितली होती, बाबा हसतायत तो फोटो. तू फोनवर म्हणालीस की बाबा जन्मात हसले नाहीत, आईला भास होतात. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली राखून ठेवलीस. मी गप्प बसलो. (आपल्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार. नकारही तोच.) पण आई दोन दिवस जेवताना काही बोलली नाही, ते मला फार लागलं. म्हणून बाबांच्या पश्चात तसाच पडलेला त्यांचा जुना संगणक उघडला. आत नऊ हजार फोटो निघाले.

वाचनालयातल्या वर्गात शिकवलं होतं, की फोटोंना कीवर्ड, म्हणजे ओळखीचे शब्द, द्यायचे, एक नियम सांगायचा, की अल्बम आपोआप भरतो. मी नियम सांगितला, 'बाबा' आणि 'हसू'. अल्बम रिकामा. नुसता 'बाबा' सांगितला, तरी रिकामा. मग उलगडलं, की बाबांनी स्वतःच प्रत्येक फोटोला कीवर्ड देऊन ठेवलेत, आणि त्यांत माणसाचं नाव औषधालाही नाही. माशाची जात, वजन, आमिष. आपल्या घराण्यात फोटो माशाचा काढतात, माणूस फक्त तो धरायला लागतो. माझ्या लग्नाच्या फोटोलासुद्धा 'पाईक, सात पौंड' (हॉलच्या भिंतीवर पेंढा भरलेला टांगला होता, आठवतं?) आणि पुढे बाबांचा नेहमीचा शेरा, 'वाईट नाही'. त्यांची कौतुकाची मजल तिथवरच. अठरा पौंडांच्या माशालाही 'वाईट नाही' आणि माझ्या बायकोलाही.

तीन आठवडे नियम बदलबदलून मान मोडून बसलो. शेवटी वैतागून ठरवलं, की हा माशांच्या कीवर्डांचा सगळा कचरा पुसून टाकायचा आणि नव्यानं सुरुवात करायची. नऊ हजार फोटो निवडले, बोट बटणावर ठेवलं, तेवढ्यात आई कॉफी घेऊन आली.

"हात आवर. आणि त्या यंत्राला मासे कसले विचारतोस? ते हसले त्या दिवशी मासा लागलाच नव्हता. वजन शून्य घाल."

घातलं. नऊ हजारांतून एक फोटो आला. मासा नसताना बाबांनी काढू दिलेला एकुलता एक. गोठलेल्या तलावावर बाबा पोट धरून वाकलेत, तोंड उघडं, वरची कवळी निसटायच्या बेतात. ताई, मी ढसाढसा रडलो. फोटो सापडला म्हणून थोडा, आणि आई शाबूत आहे म्हणून जास्त. आई म्हणाली, "सांगितलं होतं ना," आणि ओव्हनमधले बटाटे करपतायत का ते बघायला निघून गेली.

तिकडे सर्वांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
व्हर्लिन

ता.क. शुक्रवारपर्यंत वृद्धाश्रमाला फोन करून ती खोली सोड. मग आईला कर. तिला आधी केलास तरी चालेल.

ता.क. दुसरा. बाबा कशाला हसतायत ते राहिलंच. मागे जिवंत आमिषाची बादली आहे आणि तीत, पांढऱ्या कोटासकट, तू बसलेली आहेस. (आपण बर्फावर कधी पाऊल ठेवलं नाही, असं तू सगळ्यांना सांगतेस.) मी फोटोला 'आर्डिस' हा कीवर्ड दिलाय आणि त्या नावाचा अल्बम शुक्रवारी आपोआप सगळ्या चुलतभावंडांना जाणार आहे. तो थांबवायचा कसा, ते अजून शिकलेलो नाही. खोली सुटली तर शिकेन म्हणतो.

ता.क. तिसरा. 'मासा नाही, वजन शून्य' याच्यापुढे बाबांनी आणखी एक शब्द लिहिलाय. 'छान'. उरलेले सगळे फोटो धुंडाळले, पुन्हा कुठेही नाही. आई म्हणते, तो शब्द ताईचा आहे, तिला कळव.