किती मतानं पडलीस?

सुंदररावकाका,

देहरादूनहून तुमच्या पुतणीचा नमस्कार. बर्फावरच्या स्केटिंगच्या स्पर्धेत गाण्यावर नाचत उडी मारताना मी पडले. फोनवर तसं सांगितलं, तर तुमी विचारलं, "किती मतानं?" आपल्या घरात पडणं म्हणजे निवडणूकच, हे मी इसरलेच. वर म्हणालात, "पंच फोडले असतील. फेरमोजणी माग."

काका, पंच फुटले न्हाईत, पायच घसरला. पण आमच्यात पडलं तरी गाणं थांबत न्हाई. लगेच उठून हसत नाचावं लागतं. मी उठले.

तुमी जिल्हा परिषदेला पडल्यापासून सिरसाळ्यात कुणाला तोंड दाखवलं न्हाई. चहासुद्धा काकू खोलीत आणून देते. हे पत्र पाठवायची माझी हिंमत न्हाई, पण काका, गाणं अजून चालू हाय.

तुमच्यासारखीच पडलेली,
राजनंदिनी