दोन फेऱ्या

बाई,

मी आता मस्कतला असते, अझैब्यात. इथल्या एका भारतीय शाळेत आठवीला भूगोल शिकवते, तुम्ही आम्हाला शिकवायचात तोच. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. आज लिहायला बसले त्याला कारण गेल्या महिन्यातली शाळेची सहल. सूर शहराच्या वाटेवर एका जुन्या बंदराच्या तोंडाशी लहानसं बेट आहे, त्यावर पडका बुरूज. एके काळी आफ्रिकेला जाणारी गलबतं तिथे वाऱ्याची वाट पाहत थांबायची. आठवीच्या सेहेचाळीस मुलांना तिथे तंबूत एक मुक्काम करवायचा असं ठरलं, आणि प्रिन्सिपल मॅडमनी आखणी माझ्याकडे दिली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हटलं.

यादी करायला बसले आणि तुमचं स्वयंपाकघर समोर आलं. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावात तुम्ही भाड्यानं घेतलेली ती खोली, कौलातून येणारा उन्हाचा कवडसा. रविवार आहे. तुम्ही भाकरी थापताय आणि समुद्रातल्या किल्ल्यावरच्या शिबिराची यादी मला सांगताय: तांदूळ, डाळ, दोरखंड, रॉकेल. तुम्ही नागपूरकडच्या, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू होताना. पोहता येत नव्हतं, आणि ते तुम्ही लपवलं नाही. "तुझ्या अब्बांच्या होडीत किती माणसं मावतात गं?" तुम्ही विचारलंत. मी फुशारकीनं म्हटलं, "कितीही." तुमचा हात परातीत थांबला. "कितीही म्हणजे किती? ऐकलेलं सांगू नकोस. पाहिलेलं सांग." मला ओरडलात ते तेवढंच. मी आठवून म्हटलं, पंचवीस. वर्गात चाळीस होतो आम्ही. "मग दोन फेऱ्या," तुम्ही म्हणालात, आणि मला ते यादीत सगळ्यात वर लिहायला लावलंत.

जाताना दोन फेऱ्या झाल्या. परतायच्या दिवशी दुपारनंतर वारा फिरला, ओहोटी लागायला आली. अब्बा किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी लावून घाई करतायत. मी तुमच्या शेजारी उभी आहे, वळकटी काखेत मारून. बाकीची मुलं अजून वर आहेत.

"सगळ्यांना एकदमच घेतो," अब्बा म्हणाले. "दुसरी फेरी केली तर होडी गाळात बसेल."

"मग अर्ध्या मुलांना घेऊन मी राहते इथे. तांदूळ आहेत. उद्या या."

"बाई, दर्या मला शिकवू नका. आमचा जन्म गेला यात."

तुम्ही पुन्हा नको म्हणालात. तोवर मुलं धावत खाली आली होती आणि अब्बा त्यांना हाताला धरून होडीत घेत होते. शेवटी तुम्हीही चढलात, कारण मुलं चढली होती. धक्का अगदी समोर दिसत असताना लाट कुशीवर आली, सगळी एका बाजूला सरकली आणि होडी कलंडली. धक्क्यावरच्या कोळ्यांनी उड्या मारल्या. त्यांनी तुम्हालाही बाहेर काढलं. एकोणचाळीस मुलं वर आली. माझ्या बाकावर बसायची ती सापडली दुसऱ्या दिवशी, खाडीच्या मुखाशी, वेणीत शाळेची रिबीन तशीच.

चौकशी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. जवळ उभी होते ती मी एकटीच, म्हणून मला बोलावलं. अब्बा बाहेर व्हरांड्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मला काहीही शिकवलं नव्हतं, खरंच नाही. दोन दिवस ते जेवले नव्हते. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सगळ्यांना एकत्र घ्या, असं कोण म्हणालं?" मी म्हटलं, "बाई म्हणाल्या." तुम्ही समोरच्या खुर्चीवर होतात. मला वाटलं ओरडाल. तुम्ही शिपायाला म्हणालात, "तिला पाणी द्या, तिचे ओठ सुकलेत." तुमचं म्हणणं तुम्ही लिहून दिलंत, पण ते कोण वाचणार होतं? तुम्ही बाहेरच्या, पाण्याची माहिती नसलेल्या. आणि तुमचं आडनाव वाचूनच काहींनी माना हलवल्या होत्या. आधी निलंबन झालं, मग लांब कुठे तरी बदली. पाच-सहा वर्षांत तिकडेच आजारानं तुम्ही गेल्याचं मला कॉलेजात असताना कळलं. मी त्या दिवशी तासाला बसले, वहीत टिपणंही घेतली.

आता इथलं सांगते. लाँचवाला सूरचा, वयस्कर, सभ्य माणूस. त्याच्याकडे लाइफ जॅकेट होती चोवीस. मी दोन फेऱ्या लिहिल्या. शाळेचा ट्रान्सपोर्ट बघणारा म्हणाला, "मॅडम, एक ही ट्रिप में खलास करो, आधा दिन जाएगा." मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले आणि म्हटलं, एका फेरीत न्यायचं असेल तर मी सही करणार नाही. त्यांनी माझाच फॉर्म पुढे सरकवला. अशा शिबिराचा पूर्वानुभव, या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं. "तुम्ही कधी गेलेल्याच नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग एवढं घाबरण्यासारखं काय पाहिलंत?" तेव्हा सांगायला हवं होतं. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी ऐकलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "नियमात बसत नाही, मॅडम." त्यांनी सहल दुसऱ्या शिक्षकाकडे दिली.

माझी मुलगी त्याच वर्गात आहे. जायच्या सकाळी मी शाळेला मेसेज केला, तिला ताप आहे. ती सॅक भरून दाराशी उभी होती.

"अम्मी, मला फीवर नाही आहे."

"माहीत आहे."

"मग तू लाय का केलंस?"

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ग्रुपवर बाकीच्या आयांनी तिला लवकर बरं वाटू दे म्हणून लिहिलं, मी प्रत्येकीला थँक्यू म्हटलं. त्यांना एकीलाही कळवलं नाही की जॅकेट चोवीसच आहेत. दिवसभर मी फोन हातात धरून बसले, नव्या विमानतळाच्या बांधकामाची धूळ खिडकीतून येत होती तरी उठून ती लावली नाही. तेव्हा मी माझा बाप वाचवला होता, आता माझी मुलगी. बाकीच्यांचं जे होईल ते होवो, असं मी दोन्ही वेळा ठरवलं. पहिल्या वेळी मी निदान तेरा वर्षांची होते, दुसऱ्या वेळी तीही सबब नव्हती.

काही झालं नाही, बाई. सगळी मुलं एकाच फेरीत गेली, एकाच फेरीत आली, उन्हानं काळवंडून, हसत. फोटो शाळेच्या भिंतीवर लागलेत. मुलगी त्यांच्यासमोर थांबत नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलते.

अब्बा तीन वर्षांपूर्वी वारले. आता कुणाला वाचवायचं राहिलेलं नाही. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. पण माझ्या बाकावरच्या त्या मुलीची आई अजून गावात आहे, त्याच घरात, आणि अजून तुमच्याच नावानं बोटं मोडत रडते असं माझी बहीण सांगते. तिचा पत्ता मला पाठ आहे. तुम्हाला लिहिणं सोपं, म्हणून तुम्हाला लिहिलं.