अपघाताशिवाय लिंबोरा

रविवार, २० एप्रिल. संध्याकाळ

डोकं फिरलंय. आज सकाळी दिपालीने राजवाड्याच्या धान्यकोठारात आगीचा मंत्र टाकला. आत! दारं बंद असताना! चारशे एल्फांचं वर्षाचं धान्य जळून खाक. आणि पोरी हसतात. मी बाल्कनीतून सगळं ऐकत होतो.

नोंद स्पष्ट असावी म्हणून लिहितो: हा खेळ आहे. माझी धनश्री आणि तिच्या तीन मैत्रिणी, दिपाली, नेहा आणि ध्रुवी, दर रविवारी सोसायटीच्या कडुलिंबाखाली बसतात. धनश्री गोष्ट सांगते, बाकीच्या आपापला एल्फ काय करतो ते सांगतात आणि फासा टाकतात. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, जंगलात राहणारे, जादू करणारे लोक. इंग्रजी गोष्टींत असतात. आपल्याकडे असते तर आत्तापर्यंत त्यांची युनियन झाली असती. राज्याचं नाव लिंबोरा, कडुलिंबावरून. चार वर्षं झाली या राज्याला. कायदा एकही नाही.

धनश्रीला झापलं. तर ती म्हणे, बाबा, तुम्ही दिवसभर हजीऱ्याच्या प्लांटमध्ये नियमच तर सांगत असता, आम्हालाही करून द्या ना. एक पान बास.

एक पान! सेफ्टीत एकोणीस वर्षं काढलेला माणूस एक पान लिहील? पोरीने माझ्या कामातलं काही मागायची ही पहिलीच वेळ. त्याचं काही विशेष नाही. १५ जूनला ती नाशिकला जाणार, माझ्या बहिणीकडे, अकरावीला. मधे सात रविवार. सात रविवारांत लिंबोरा सगळ्यात सुरक्षित राज्य करून दाखवतो. बघाच.

मंगळवार, २२ एप्रिल. कंपनीची बस, सकाळी ५.२०

सुरतच्या पर्वत पाटियापासून हजीऱ्यापर्यंत सव्वा तास मिळतो. लोक घोरतात. मी कायदा लिहितो. चौदा पानं झाली.

आगीची जादू म्हणजे हॉट वर्क, ठिणग्या उडवणारं काम. उडण्याची जादू म्हणजे उंचीवरचं काम, पट्टा सक्तीचा. गुहेतली जादू म्हणजे बंदिस्त जागा, बाहेर एक एल्फ उभा पाहिजे. प्रत्येक मंत्राला परमिट. परमिटवर दोन सह्या: अर्ज करणाऱ्याची आणि देणाऱ्याची. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालणार नाहीत. रकाना एकही रिकामा चालणार नाही. यात सूट नाही, राजालाही नाही.

आमच्या प्लांटातल्या हिलालच्या वेळी दोन्ही सह्या एकाच माणसाच्या होत्या आणि वेळेचा रकाना रिकामा होता. जेवणाची सुट्टी व्हायची होती, घाई होती. हिलाल गॅस साचलेल्या टाकीत उतरला. वाचला. आता अमळनेरला असतो, एक जिना चढला की धापा टाकतो. दिवाळीला फोन करतो. सह्या कुणाच्या होत्या ते इथे लिहायची गरज नाही.

शनिवार, २६ एप्रिल

एकतीस पानं. नूतनने पाहिली. बायको म्हणून तिने कौतुक करायला हवं होतं. ती म्हणे, पोरीसना खेळ शे, तुमले कसाले पाहिजे? अशी तिडीक गेली डोक्यात! घरात कुणी चांगलं काम केलं की पाय ओढायला हीच पुढे.

इच्छापोरहून परमिटची पुस्तकं छापून आणली. तीन रंगांत.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी नऊला अंमलबजावणी सुरू. आधी टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी उभ्याने ऐकायची सूचना. चाळीस मिनिटं. नेहा मधेच खाली बसली. नोंद घेतली.

हेल्मेट सक्तीचं म्हटल्यावर ध्रुवीने विचारलं, अंकल, पण कान क्यां जशे? गुजराती पोरगी, पण कान कुठे जाणार हा प्रश्न बरोबर होता. मी जागेवर दुरुस्ती केली: एल्फांसाठी बाजूंना भोकं असलेलं हेल्मेट. धनश्री तोंडावर ओढणी धरून बराच वेळ खोकत होती. उन्हाळ्यात खोकला बरा नाही.

मग ड्रॅगन आला. दिपालीने परमिट मागितलं. सात रकाने भरायला अठरा मिनिटं लागली पोरीला. तोपर्यंत गोष्ट थांबून कशी राहणार, धनश्री म्हणाली, ड्रॅगन निघून गेला. म्हणजे काय? पूर्वसूचना न देता? असल्या बेशिस्त ड्रॅगनांमुळेच यंत्रणा बदनाम होतात.

कडुलिंबावर बोर्ड लावला. कंपनीच्या गेटवर असतो तसाच: लिंबोरा राज्य. अपघाताशिवाय दिवस. आकड्याची पाटी रोज बदलायची. आज शून्य. उद्यापासून मोजणार.

बुधवार, ३० एप्रिल

तीन.

कंपनीत मात्र आनंदीआनंद. नवीन मॅनेजर अमित, वय अठ्ठावीस, मला शिकवतो की पाटीलसाहेब, फॉर्म कमी करा, माणसांशी बोला. अरे, तू जन्मलास तेव्हा मी... जाऊ दे. चार वर्षांचा असेल तेव्हा मी दहावीला बसलो होतो.

रविवार, ४ मे. दुपारी ४

संताप, संताप!

आज माझी ड्युटी होती. परमिट देणारा अधिकारी जागेवर नाही, हे या पोरींना शनिवारीच सांगितलं होतं. तरी मूर्खपणा केलाच. नेहाच्या एल्फाला बाण लागला. बाकीच्यांकडे जखम भरण्याचा मंत्र होता. पण तो ब वर्गात येतो, माझ्या सहीशिवाय टाकता येत नाही. धनश्रीने सात फोन केले. प्लांटमध्ये फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवतात. पोरी माझी वाट बघत बसल्या आणि एल्फ मेला.

आलो तर नेहा जिन्यात बसून खरोखरची रडत होती. म्हणे चार वर्षं सांभाळला होता त्याला. तिला समजावलं की पुढच्या वेळी अर्ज आदल्या दिवशी करावा. तर जास्तच रडायला लागली. ही हल्लीची पिढी.

धनश्री म्हणाली, बाबा, हा नियम बदला. मी सांगितलं, आधी चौकशी होईल. चौकशी केली. मूळ कारण: अर्जदाराच्या नियोजनाचा अभाव. मयत एल्फाला कारणे दाखवा नोटीस काढली. बाण हा बाहेरच्या राज्याचा, म्हणून अपघात धरता येत नाही. बोर्ड चालू. सात.

रविवार, ११ मे

दोघीच आल्या. धनश्री आणि दिपाली. ऊन फार आहे, त्यामुळे. गैरहजर एल्फांना मेमो.

दिपाली तासाभरात उठली. म्हणे घरी काम आहे. मग धनश्री आणि मी, दोघंच. ती म्हणाली, बाबा, आज तुम्ही एल्फ व्हा ना. ते पुस्तक ठेवून द्या बाजूला. एकदाच. मी गोष्ट सांगते, तुम्ही फक्त सांगा की तुम्ही काय करता.

फासा माझ्या हातात दिला तिने.

तिला शांतपणे समजावलं की मी खेळलो तर परमिट कोण देणार? स्वतःच अर्जदार, स्वतःच अधिकारी? कलम चार बघ. ती बरं म्हणाली आणि वही मिटून वर गेली. समजूतदार आहे पोरगी. माझ्यावर गेली आहे.

चौदा.

रविवार, १८ मे. सकाळी ११

नऊपासून कडुलिंबाखाली होतो. तिन्ही रंगांची पुस्तकं, कार्बन पेपर, दोन पेनं. कुणी नाही. वॉचमन भाईदास येऊन दोनदा पाणी देऊन गेला.

धनश्रीला विचारलं तर म्हणे सगळ्यांना कंटाळा आला, लिंबोरा बंद. बंद? चालू राज्य कुणाला न विचारता बंद करता येतं का? त्याला शटडाऊनची वेगळी प्रक्रिया आहे, परिशिष्ट तीन!

एकवीस.

रविवार, २५ मे. दुपार

खरं काय ते कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून आधी पाणी पिऊन लिहितो.

बंद वगैरे काही नाही. स्थलांतर! सगळे एल्फ बी विंगच्या गच्चीवर गेलेत. नवीन राज्य. नूतनला माहीत होतं. माझ्या घरात, माझी बायको, पोरींना वर सरबत करून पाठवत होती आणि मी खाली झाडाखाली अधिकारी म्हणून बसलो होतो!

इन्स्पेक्शनला गेलो. चार जिने. गच्चीच्या दाराशी थांबलो, कारण इन्स्पेक्शन अचानक असावं. नेहा आली होती. तिला नवीन एल्फ मिळालाय. धनश्री एका म्हाताऱ्या एल्फाचा आवाज काढत होती. तो प्रत्येक झाडाला विचारत फिरतो, तुझं पान गळण्याचं परमिट कुठे आहे? आणि झऱ्याला म्हणतो, आधी वाहण्याचा अर्ज कर, तीन प्रती. पोरी हसून हसून लोळत होत्या. नक्कल कुणाची होती ते कळलं नाही. म्हाताऱ्याचं बोलणं मात्र मुद्देसूद होतं.

दाराला आतून कागद चिकटवलेला होता. नव्या राज्याचा कायदा. एकच पान, त्यात एकच ओळ: कुणी मरत असेल तर विचारत बसायचं नाही.

ना तारीख, ना सही, ना आवृत्ती क्रमांक. याला कायदा म्हणतात?

आत गेलो नाही. गुडघा दुखत होता.

अठ्ठावीस.

गुरुवार, २९ मे. बसमध्ये

चार दिवस धनश्रीशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं असावं. नूतन म्हणे, तुम्ही तसेही बोलत नाहीत, तिले काय समजी?

ठरवलंय. पुढच्या, एक जूनच्या रविवारी पोरी नवसारीला कुणाच्या तरी लग्नाला आहेत. म्हणजे राहिला ८ जून. त्या दिवशी मी गच्चीवर जाणार आणि खेळणार. एल्फ म्हणून. पुस्तक न घेता. मोठ्या माणसाने एक पाऊल मागे घ्यावं.

सोमवार, २ जून

एल्फ तयार केला. नाव: सखाराम. पोरींच्या एल्फांची नावं उच्चारता येत नाहीत. वय तीनशे दहा. अनुभव दोनशे ऐंशी वर्षं. स्वभाव: शांत. नूतनला वाचून दाखवलं. स्वभावाला ती हसली.

शुक्रवार, ६ जून

प्लांटमध्ये शटडाऊन लागला, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती. रविवारी माणसं हवीत. अमितने विचारलं, पाटीलसाहेब, मुलगी जाणार आहे ना तुमची, तुम्ही सुट्टी घ्या, मी बघतो. हा बघणार! टाकीत माणसं उतरणार आहेत आणि हा बघणार!

मी येतो म्हणून सांगितलं. माझ्याशिवाय होणार नव्हतं.

रविवार, ८ जून. प्लांट, दुपारी १

टाकीत उतरणारे अकरा. अकराच्या अकरा वर आले. दोन सह्या, पूर्ण रकाने, बाहेर माणूस उभा. स्वतः मोजले, दोनदा.

अमितनेही सगळं नीट केलं. माझी गरज पडली असती, पण पडली नाही.

सखारामचा कागद खिशात होता. घामाने शाई पसरली. गच्चीवर आजचा शेवटचा खेळ.

बेचाळीस.

शनिवार, १४ जून

बॅग भरणं चालू आहे. मी बॅगेचं वजन करून चाकं तपासली. धनश्रीने चौकशी केली, बाबा, परमिटची पुस्तकं उरलीत का? मी म्हटलं, सत्त्याण्णव पानं. एक पान द्या म्हणाली. कोणत्या रंगाचं, असं मी विचारलं. म्हणे तुम्ही सांगा, लांबच्या जादूला कुठला लागतो? निळा दिला. कशाला हवा ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. शेवटी पोरीला यंत्रणेचं महत्त्व पटलं म्हणायचं. कष्ट वाया गेले नाहीत.

रविवार, १५ जून. सकाळी १०

सात वाजता बस स्टँड. नाशिकची बस. तिला खिडकीची सीट मिळाली, इमर्जन्सी दारापासून तिसरी ओळ. दाखवून ठेवलं. नूतन रडत होती. एकीने रडलं की बास होतं.

बसचं इंजिन सुरू झालं तेव्हा धनश्रीने खिडकीतून निळा फॉर्म माझ्या हातात दिला. सगळा भरलेला. सुंदर अक्षर. जादूचा प्रकार: लांबून बोलण्याची. ठिकाण: नाशिक ते सुरत, फोनवर. कालावधी: दर रविवारी एक तास. सहभागी एल्फ: धनश्री आणि सखाराम. म्हणजे नूतनने सांगितलेलं दिसतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, बाबांना खेळायचं राहिलं. खाली अर्जदाराची सही. शेजारी अधिकाऱ्याच्या सहीची जागा मोकळी.

मी सही करणारच होतो. पेनचं टोपणही काढलं होतं.

पण वेळेचा रकाना रिकामा होता. रविवारी किती ते किती, लिहिलंच नव्हतं. रिकाम्या रकान्यावर मी सही करत नाही. ही गोष्ट माझ्या मुलीला तरी सगळ्यांच्या आधी कळायला हवी. म्हणून फॉर्म खिडकीतून परत दिला आणि म्हटलं, एवढं भर, लगेच करतो.

तिने फॉर्मकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बस निघाली.

ड्रायव्हरचा प्रचंड राग आलाय. एक मिनिट थांबायला काय झालं होतं त्याला? मी धावलो. पेन हातात घेऊन गेटपर्यंत धावलो, या वयात, या गुडघ्याने. थांबला नाही. तक्रार करणार होतो, पण गाडीचा नंबर बघायचा राहिला.

दुपारी १२

फोन आला नाही. सापुताऱ्याच्या घाटात रेंज नसते.

संध्याकाळी ६

नाशिकला पोहोचली. बहिणीचा फोन होता. धनश्री फॉर्मबद्दल काही बोलली का, असं मी बहिणीला विचारलं. कसला फॉर्म, म्हणाली.

खाली जाऊन कडुलिंबावरची पाटी बदलली. एकोणपन्नास. भाईदास विचारत होता, साहेब, हा बोर्ड कशाचा, इथे काम करतं कोण? पाटी वाकडी लागली होती ती सरळ केली.

एकोणपन्नास दिवसांत लिंबोऱ्यात एकही अपघात नाही.