दूधविनायकची कुसुम

४ फेब्रुवारी, मंगळवार
बनारस. सेवाघरात दुसरा दिवस. मिरजेच्या आमच्या चर्चच्या मंडळीतले पाच जण आलोय. बाकीचे भिंती रंगवतात, स्वयंपाकाला हात लावतात. मी नर्स, म्हणून वॉर्डात. अकरा बायका, सगळ्या एचआयव्हीच्या.

घर सांभाळते सिस्टर ग्रेस, युगांडाची. साठीची, धिप्पाड. हिंदी मोडकी, तरी बायका तिच्याशी भडाभडा बोलतात. तिच्या गावात याच आजाराने घरंच्या घरं रिकामी झाली म्हणाली. दोन बहिणी तिने स्वतः पुरल्या. एवढं सांगून चादरी वाळत घालायला गेली.

खिडकीजवळच्या खाटेवरची बाई कोणाशी बोलत नाही, जेवत नाही. पाणी देताना माझ्या तोंडून मराठीच निघालं, "उठा बाई, घोटभर घ्या." ती वळली. "तुम्ही मराठी?" आणि रडायलाच लागली.

५ फेब्रु.
नाव कुसुम. एक्केचाळीस. दूधविनायक गल्लीतलं जुनं मराठी घर. बोलणं आपलंच, पण अर्धं हिंदीत भिजलेलं. नवरा याच आजाराने गेला, त्याच्याकडून हिला. माहेरी परतली. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवायची. भावाला सापडल्या. लाजेने घ्यायच्याच सोडल्या. आता टीबी. उचलली तर हाताला वजनच लागत नाही.

भावाने इथे आणून सोडलं, मोहल्ल्यात सांगितलं पुण्याला नोकरी लागली.
"आणि आईला?"
"तिला पण पुणंच. फोनवर मी पुण्याची हवा सांगते, ताई."

६ फेब्रु.
मऊ वरणभात. चार घास गेले. मग ताट माझ्याकडे सरकवलं. "आता तुम्ही घ्या. यातलंच." टक लावून बघत होती. मास्क खाली केला, खाल्लं.

दीपकचं ताट मी वेगळं ठेवलं होतं. माझा सख्खा भाऊ, त्यालाही हाच आजार. शेवटचे चार महिने. वॉर्डात परक्यांना भरवायचे आणि घरी मात्र
नर्स असून.
मंडळीत साक्ष द्यायला उभी राहते, तेव्हाही हे कधी सांगितलं नाही.

८ फेब्रु.
ताप १०३. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत फारसं उरलं नाही. कुसुम म्हणते, "आईला बोलवता? आता झूठ नको. सगळं सांगा तिला."
आम्हाला घेऊन आलेल्या पाळकसाहेबांचं मत, आपण सेवेला आलोय, कोणाच्या घरात शिरू नये. मी फटकन म्हणाले, "मग सेवा म्हणजे काय, भिंती रंगवणं?" असं बोलायला नको होतं.

९ फेब्रु., रविवार
उपासना चुकवून दूधविनायकला गेले. दार कुसुमच्या भावाने उघडलं. पाठशाळेत शिकवतात. आवाज मऊ.
"कुसुम पुण्याला असते. आपण?"
सेवाघराचं नाव सांगितलं. माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघितलं, मग हळूच म्हणाले, "माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत. आप समझ रही हैं न?" डोळे भरले होते. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं.
आतून म्हातारा आवाज. "कोण आलंय रे? कुसुमचं काही आहे का?"
"कोणी नाही, आई."
मी परत फिरणार होते. नाही फिरले. मोठ्याने म्हटलं, "आई, मी कुसुमकडून आलेय. ती इथेच आहे, बनारसमध्ये. फार आजारी आहे."
दार लागलं. आपटलं नाही त्यांनी, सावकाश लावलं.

१० फेब्रु.
कुसुमला सांगितलं, आईने ऐकलं. "काय बोलली?" मी तिची उशी सारखी केली.
दुपारी तिचा फोन वाजला. आईच. कुसुमला हुंदका आवरेना, मीच घेतला.
"दादा पाठशाळेत गेलाय. पत्ता सांगा. टीबी आहे का तिला?"
"टीबी पण आहे."
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अच्छा." आणि मग, "माझे गुडघे चालत नाहीत. रिक्षा दारापर्यंत येते ना? उद्या सकाळी येते."
पत्ता दोनदा म्हणून घेतला त्यांनी.

११ फेब्रु.
आज निघायचं. कुसुमने वेणी घालून मागितली. केस हातात येत होते, ते मी मुठीत दडवले. नऊ झाले, दहा झाले. बाहेर रिक्षा वाजली की मान उचलायची. श्वास फार उथळ. सिस्टर ग्रेस उशाशी बसून आपल्या भाषेत काही गुणगुणत होती.

पाळकसाहेब जीप लावून थांबले. हाक मारली नाही. शेवटी कुसुमच म्हणाली, "जा ताई, गाडी सुटेल. आईला देर होतेच. आंघोळ, पूजा, मग पदर नीट करणार…"

अकरा वाजता निघाले.

गाडीत लिहितेय. प्रयागराज मागे पडलं. सिस्टरला तीनदा फोन लावला. वाजतो, उचलत नाही. कोणाचा हात हातात असला की ती फोन घेत नाही. पण आज कोणाचा, कुसुमचा की तिच्या आईचा, ते इथून कळत नाही.