कोरडी सही

प्रिय चिमणे,

मंगळवार, १४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळेला तू मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहांच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही केलीस. वेळ मला कुणी सांगावी लागली नाही. आपल्या संस्थेच्या नव्या शिक्क्यात मिनिटंसुद्धा उमटतात. शिक्का सरळ बसलाय, सही वळणदार आहे आणि नळाला पाणी नाही.

दाखल्याचा फोटो शाळेतल्या शिपाईबाईंनी पाठवला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तो चौकट करून लावलाय म्हणे. फोनवर म्हणाल्या, "बाई, दाखला मिळाला, पाटी मिळाली, तेवढं पाणी राहिलं बघा." मी हसले. मग लक्षात आलं, मला राग आलेलाच नाही. जिच्या नुसत्या आवाजानं कंत्राटदार शिडीवरून खाली उतरायचे, ती मी. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं काहीसं झालंय. चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा.

तरी बस धरून गेले. सहा संडास, हात धुवायला चार नळ, फरशी अशी की तोंड पाहून घ्यावं. आणि दाराला कुलूप. मागच्या बाजूला शिपाईबाईंनी खुरप्यानं माती उकरून ठेवली होती. कूपनलिकेचा पाइप भिंतीपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. टाकीचा पाइप गच्चीवरून खाली येतो आणि मातीत शिरतो. मधे अकरा फूट काहीच नाही. बाईंनी छत्रीनं मोजलं, मी टेपनं. दोघींचं उत्तर जुळलं. उद्घाटनाला नळ वाहिले ते टँकरनं टाकी भरली म्हणून. पाहुणे गेले, पाणीही गेलं. आता मुली सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत, म्हणजे जायला नको. मोठ्या मुली महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नाहीत. शिपाईबाई म्हणाल्या, "हजेरीपुस्तक बघून मला सांगता येतं कुणाचे कोणते चार." यावरही मी नुसती मान हलवली.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, "आई, आता फोटोवर काम होतं. सगळीकडे कोण जाणार? तू निवृत्त झालीयेस ना, आराम कर की." करतेय आराम. खुर्चीत बसून तुझी सही बघतेय. ती इतकी स्वच्छ आहे, तिथेच मी ओळखलं, तू शाळेत गेलीच नव्हतीस.

माझ्या जुन्या फाइली काढून बघ. एकही सही धड नाही, प्रत्येकीची शाई पसरलेली. कारकून म्हणायचे, "बाईंची सही म्हणजे चिरडलेली मुंगी." कारण त्या कामाच्या नळाखाली हात धुऊन, न पुसता, मी सही करायचे. ही खोड माझ्या लहानपणीच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरची. जेवणाआधी त्या आमचे हात उलटेसुलटे करून बघायच्या. धुतला म्हणणारीचा हात कोरडा निघाला की खोटारडी म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं. मी त्या भिंतीसमोर बरीच वर्षं काढली, म्हणून धडा पक्का बसला. ओला हात खोटं बोलत नाही, असं तुला मीच शिकवलं. आणि तुला वाटतं, मी ते आयुष्यभर पाळलं.

नव्या माणसांपुढे तू एक गोष्ट सांगतेस. माझ्या निरोपसमारंभातही सांगितलीस. "माझे बाबा गेले, त्या दिवशीसुद्धा आईनं आरोग्य केंद्राच्या पाण्याचं काम पूर्ण केलं." टाळ्या पडल्या. मी पदर सारखा करत बसले. त्या दिवशी आपण दवाखान्याच्या बाकावर होतो. तू नऊ वर्षांची, दप्तर पाठीवर तसंच. कारकून फाइल घेऊन आले. माझ्या मांडीवर हलू नये म्हणून ती तू दोन्ही हातांनी धरलीस आणि मी सही केली. ते आरोग्य केंद्र तिथून तीन तासांच्या वाटेवर होतं. त्या दिवशी मला तुझे बाबा होते ती आतली खोली सोडून कुठेही जायचं नव्हतं, आणि आतही जायचं नव्हतं. ती सही कोरडी होती, चिमणे. माझी एकुलती एक सुवाच्य सही.

समारंभ संपल्यावर एक म्हातारी परिचारिका मला भेटली. त्याच केंद्रातली. अजिबात न चिडता म्हणाली, "बाई, तुमचा नळ दोन वर्षं कोरडाच होता. आम्ही बाळंतिणींसाठी बादल्या वाहिल्या. तक्रार केली की तुमच्या हापिसातून उत्तर यायचं, काम पूर्ण आहे." पूर्ण झालेल्या कामाकडे कुणी फिरकत नाही. मीही फिरकले नव्हते. तेव्हापासून माझा पाय असा बधिर आहे. तुझ्या सहीनं तो झाला नाही, तुझ्या सहीनं फक्त कळलं. तू माझ्यासारखी झालीस, पण नेमकी त्या एका दिवसाच्या माझ्यासारखी. आणि त्या दिवशी फाइल तुझ्याच हातात होती.

म्हणून हे पत्र. दिलेला दाखला मागे घेण्याची मुदत सतरा दिवसांची. नियम मीच लिहिला होता, अशी वेळ माझ्यावर येणार नाही या खात्रीनं. शुक्रवारी, ३१ मार्चला, संध्याकाळी पाचला मुदत संपते. त्यानंतर कंत्राटदाराला अकरा फुटांसाठी कुणी परत आणू शकणार नाही. तोपर्यंत मला तुझं लेखी उत्तर हवं. फोन नको, फोटो तर नकोच. दाखला रद्द केलास, पाइप जोडून घेतलास, एवढंच लिही आणि शाळेच्या नळाखाली हात धुऊन खाली सही कर. शाई पसरलेली दिसली नाही, तर ते उत्तर मी न वाचता परत पाठवीन. नव्या माणसांपुढे सांगतेस त्या गोष्टीचं मात्र तूच ठरव. सांगायचीच असली तर यापुढे पूर्ण सांग.

तुझीच, वाट बघणारी,
आई