आईचं पत्र आणि ताईचं

प्रिय आईस,
लेकराचा सलाम.

मी बरा आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतो, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

तू लिहिलंस, बाबा जाताना माझं नाव घेत होते. ताईने लिहिलंय, शेवटचे दोन दिवस ते बोललेच नाहीत.

बायबलवरून मी बाबांशी किती हुज्जत घालायचो. मत्तय म्हणतो, वधस्तंभावरच्या दोन्ही लुटारूंनी येशूची निंदा केली. लूक म्हणतो, एकानेच. बाबा म्हणायचे, “आधी दोघांनी केली असेल, मग एकाचं मन पालटलं.” ओढूनताणून जुळवताय म्हणून मी हसायचो.

आज घड्या घालताना तुम्हा दोघींची पत्रं जुळवत होतो. आधी नाव घेतलं असेल, मग वाचा गेली असेल.

ताईला काही विचारू नकोस.

तुझा,
धाकटा